ही गोळी बीपीची नव्हे

रक्ताची उलटी झाली, रात्रीच रुग्णालय गाठले, दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड बांधले आणि पाच-सहा दिवसांनी रुग्ण घरी आला. सोबतच्या डिस्चार्जच्या कागदावर सात-आठ औषधे असतात. त्यांत एक किरकोळ दिसणारी, स्वस्तातली गोळी असते: प्रोप्रानोलॉल २० किंवा ४० मिलिग्रॅम, नाहीतर कार्व्हेडिलॉल ६.२५. मेडिकलवाला पट्टी देताना सांगतो, ‘ही बीपीची.’ मोबाइलवर शोधावे तर रक्तदाब, छातीतली धडधड, अर्धशिशी, हातांची थरथर एवढे सगळे निघते. यकृताचा उल्लेख असलाच तर तळाशी. मग घरात हिशेब मांडला जातो. यांना बीपी कधी नव्हतेच, उलट आता मशीन १०४ वर ६२ दाखवते, गोळी सुरू झाल्यापासून थकवाही वाटतो, मग ती हवी कशाला? दोन-तीन महिन्यांत बाकीची औषधे चालू राहतात आणि नेमकी ही गळते. कधी घरचेच बंद करतात, कधी सर्दी-तापासाठी गाठलेले डॉक्टर ‘बीपी लो आहे’ म्हणून खोडतात, कधी महिन्याचा साठा संपतो आणि पुन्हा आणायची राहून जाते.

सिरोसिस या यकृताच्या आजारात एकदा रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाला ही गळती महागात पडते. पुढे काहीच उपचार केले नाहीत तर अशा शंभरातल्या साठेक जणांना एक-दोन वर्षांत पुन्हा रक्तस्राव होतो, आणि असा प्रत्येक रक्तस्राव आजच्या चांगल्या रुग्णालयातसुद्धा सहा आठवड्यांच्या आत शंभरातल्या पंधरा-वीस जणांचा जीव घेतो. त्या कागदावरच्या औषधांत शिरांमधला दाब उतरवणारे औषध बहुधा हे एकच असते. म्हणून माझे म्हणणे असे की ही गोळी सवयीने बंद करू नये आणि सवयीने चालूही ठेवू नये. ती थांबवण्याची कारणे मोजकी आहेत, ठरलेली आहेत, आणि त्यांतली बहुतेक आकड्यांत मोजता येतात. गोळीच्या नावावरून किंवा पट्टीवरच्या जाहीर उपयोगावरून तिचा निकाल लावणे हीच मूळ चूक.

आधी दाबाचे प्रकरण समजून घेऊ. जठर, आतडी, प्लीहा या अवयवांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या एका मोठ्या शिरेत गोळा होते, यकृतातून गाळले जाते आणि मग पुढे जाते. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी अशा कारणांनी यकृतात वर्षानुवर्षे व्रण साठत गेले की ते कडक, गाठाळ होते, तोच सिरोसिस. मऊ यकृतातून सहज पार होणाऱ्या रक्तापुढे आता भिंत उभी राहते. धरणाचा फुगवटा महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही: भिंत असते एका जागी, पण पाणी कित्येक मैल मागे ओढ्यानाल्यांत चढते. पोर्टल व्हेनमधले रक्त तसेच मागे चढते आणि हृदयाकडे जायला आडवाटा शोधते. त्यांतली एक वाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या, एरवी दोऱ्याएवढ्या बारीक शिरांतून जाते. त्या बोटाएवढ्या फुगतात, भिंत पातळ होते आणि एक दिवस फुटतात. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटरएवढा असतो. तो १० वर गेला की अशा शिरा तयार होऊ लागतात आणि १२ ओलांडला की फुटण्याचे भय सुरू होते. उलट, तो १२ च्या आत आणता आला, किंवा निदान मुळातल्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांनी उतरवता आला, तर पुन्हा रक्तस्राव होण्याची शक्यता खूपच घटते.

पण भिंत हा गोष्टीचा अर्धाच भाग. सिरोसिसमध्ये आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून जास्त रक्त वाहते, आणि ही तूट भरून काढायला हृदय अधिक जोराने रक्त फेकते. म्हणजे भिंत तर आहेच, वर धरणात येणारी आवकही वाढलेली. प्रोप्रानोलॉल, कार्व्हेडिलॉल ज्या गटातली औषधे आहेत तो बीटा ब्लॉकर काम करतो तो या आवकेवर. हृदयावरचे बीटा-१ हे ग्राहक (रिसेप्टर) बंद झाले की हृदयाचा वेग आणि फेक उतरते; रक्तवाहिन्यांवरचे बीटा-२ बंद झाले की आतड्यांकडच्या वाहिन्या पुन्हा आवळतात. दोन्हीमुळे पोर्टल व्हेनमध्ये येणारे रक्त कमी होते. कार्व्हेडिलॉल त्यापुढे एक पाऊल टाकतो: तो अल्फा-१ ग्राहकही अडवतो, त्यामुळे यकृताच्या आतला अडथळासुद्धा थोडा सैलावतो. याउलट बँड बांधणे म्हणजे फुटू पाहणाऱ्या एका ओढ्याचे तोंड बंद करणे. ते काम तातडीचे आणि गरजेचे आहे, पण धरणातली पातळी त्याने बोटभरही उतरत नाही.

या विचाराला पुरावा मिळाला तो पॅरिसजवळच्या क्लिशी इथल्या बोजों रुग्णालयात. प्रोप्रानोलॉल हे औषध १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी इंग्लंडमध्ये हृदयविकारासाठी घडवले होते. त्या कामाचा वाटा १९८८ च्या नोबेल पारितोषिकात आहे. दिदिए लब्रेक आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले की सिरोसिसच्या रुग्णांत ते पोर्टल दाब उतरवते. पुढच्याच वर्षी त्यांनी रक्तस्राव होऊन गेलेल्या ७४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना प्रोप्रानोलॉल, नाडी पाव हिश्श्याने उतरेल इतक्या मात्रेत. उरलेल्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. वर्षअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ९६ टक्के जणांना पुन्हा रक्तस्राव झाला नव्हता, खोट्या गोळीवरच्यांत हे प्रमाण ५० टक्के. आकडे इतके देखणे होते की शंका यायला हवी होती, आणि ती आलीही. १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील अँड्र्यू बरोज आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर हाच प्रयोग केला आणि त्यांना फरकच दिसला नाही.

दोन नामांकित ठिकाणांचे दोन उलटे निकाल आले की सामान्य माणूस म्हणतो, डॉक्टरांचेच एकमत नाही. पण बारकाईने पाहिले तर विरोध वाटतो तेवढा नाही. पॅरिसचे रुग्ण तुलनेने बऱ्या प्रकृतीचे होते. लंडनच्या गटात यकृत पार ढासळलेलेही बरेच होते. म्हणजे प्रश्न ‘गोळी चालते की नाही’ असा नसून ‘कुणात, कोणत्या टप्प्यावर किती चालते’ असा होता. पुढे बारा चाचण्यांमधल्या ७६९ रुग्णांचा एकत्र हिशेब १९९७ मध्ये मांडला गेला, तेव्हा चित्र मधले निघाले. पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण शंभरात वीसेक जणांनी घटते आणि जगण्यातही थोडी भर पडते. ९६ टक्के हा आकडा कुणी सांगितला तर विसरावा. पण रोज काही रुपयांच्या गोळीने शंभरातल्या वीस जणांची रक्ताची उलटी टळत असेल, तर त्यासाठी दुसऱ्या नवलाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो. ते हिशेब बँडच्या आधीच्या काळातले. आता शिरा बांधून मोकळे होता येते, मग गोळीची कटकट कशाला? आक्षेप पोकळ नाही. दिल्लीत झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १७७ रुग्णांच्या चाचणीत बँडबरोबर प्रोप्रानोलॉल आणि नायट्रेट देऊनही नुसत्या बँडपेक्षा रक्तस्राव कमी झाला नाही. आपल्याच देशातला अभ्यास, रुग्णही आपल्यासारखे. तो बाजूला सारणे बरे नव्हे. पण स्पेनमध्ये २००५ च्या ८० रुग्णांच्या चाचणीत बँडला नॅडोलॉल या बीटा ब्लॉकरची जोड दिली तेव्हा पुन्हा रक्तस्राव १४ टक्क्यांत झाला, नुसत्या बँडवर ३८ टक्क्यांत. तैवानमध्येही जोडीचाच फायदा दिसला. अशा चाचण्यांमधल्या एकेका रुग्णाची माहिती मिळवून २०१७ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी जो एकत्रित अभ्यास केला, तो मला निर्णायक वाटतो. यकृत बऱ्यापैकी टिकून असलेल्यांत गोळी आणि बँड दोन्ही असले की रक्तस्राव कमी होतो. आणि ज्यांचे यकृत जास्त बिघडलेले आहे त्यांच्यात गोळी वगळून नुसते बँड ठेवले तर मृत्यू वाढतात. जोडीतला खरा आधार गोळी आहे, बँड तिचा जोडीदार. याचे कारण वर आलेच: बांधलेल्या शिरा गळून पडतात पण दाब तसाच राहिला तर नव्या फुगतात. त्यात आणखी एक भर पडते. बीटा ब्लॉकरमुळे आतड्यांतल्या जंतूंचे रक्तात झिरपणे आणि पोटातल्या पाण्याला होणारा संसर्ग कमी होतो, असेही पुरावे आहेत. बँड ते करूच शकत नाही.

इटलीतल्या मॅजोरे तलावाकाठच्या बाव्हेनो गावाच्या नावाने १९९० पासून या विषयावरच्या जगभरच्या तज्ज्ञांच्या बैठकांची परंपरा आहे. २०२१ च्या सातव्या बैठकीचा सल्ला असा की एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर आणि बँड दोन्ही द्यावेत. बँड एक ते चार आठवड्यांच्या अंतराने शिरा नाहीशा होईपर्यंत बांधतात, मग तीन-सहा महिन्यांनी आणि पुढे सहा-बारा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. शिरा दिसेनाशा झाल्या म्हणजे गोळीही संपली असे मात्र नाही. जठराच्या वरच्या भागातल्या शिरा फुटल्या असतील तर गणित वेगळे. तिथे बँडऐवजी गोंदासारखे औषध टोचतात आणि त्यात ते गोळीपेक्षा सरस ठरले आहे. लहान मुलाला रक्ताची उलटी होते पण यकृत धड असते, हा पोर्टल व्हेनच तुंबल्याचा, आपल्याकडे पुष्कळ दिसणारा आजारही निराळा. त्याला या लेखातले सगळेच लागू करू नये.

आता गोळी कोणती आणि किती. बीटा ब्लॉकर म्हणजे सगळे सारखे नव्हेत. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही मंडळी मुख्यतः हृदयावरच काम करतात, आतड्यांकडच्या वाहिन्या आवळण्याचे अर्धे काम त्यांच्याकडून होत नाही. म्हणून दुकानात प्रोप्रानोलॉल संपले म्हणून ‘त्याच जातीची’ दुसरी गोळी घेऊ नये. आणि रुग्णाला आधीपासून बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. दोन बीटा ब्लॉकर एकत्र पोटात जाणे धोक्याचे आहे. बहुधा जुनी बंद करून एकाच गोळीत दोन्ही कामे भागवता येतात. रक्तस्राव चालू असताना ही गोळी देत नाहीत. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड यांसारखी शिरेतून दिली जाणारी औषधे दोन ते पाच दिवसांत थांबली की मग सुरू करतात. प्रोप्रानोलॉल बहुधा २० ते ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी वाढवत. पोटात पाणी नसेल तर दिवसाची कमाल मर्यादा ३२०, पाणी असेल तर १६०. बिघडलेल्या यकृतात या औषधाचा नाश कमी होतो आणि थोड्या मात्रेतही रक्तातली पातळी चढते, म्हणून सुरुवात लहान. कार्व्हेडिलॉल ६.२५ ने सुरू करून, सोसले तर १२.५ पर्यंत; त्याच्या पुढे नाही, कारण त्यापुढे पोर्टल दाब फारसा उतरत नाही, पण हाताचा रक्तदाब उतरतो. प्रोप्रानोलॉलला दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांत कार्व्हेडिलॉलने दाब उतरल्याचे व्हिएन्नात दिसले आहे. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत. घरी मात्रा चढवण्यासाठी नव्हेत.

मात्रा पुरेशी झाली हे कळायचे कसे? खरा मार्ग मानेतल्या शिरेतून नळी यकृतापर्यंत नेऊन दाब मोजण्याचा; तो मोजक्या केंद्रांत होतो. म्हणून प्रोप्रानोलॉलच्या बाबतीत नाडीवर भागवतात. सकाळी उठून पाच मिनिटे शांत बसावे, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तर्जनी, मधले आणि अनामिका ही तीन बोटे ठेवावीत, स्वतःचा अंगठा वापरू नये कारण त्यातही ठोका लागतो, आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यावर पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर तीन-चार ठोक्यांची चूक सहज होते आणि इथे तेवढ्यावरच निर्णय असतो. नंतर बीपी घ्यावे, मग गोळी. दोन्ही आकडे वहीत तारखेसह. ५५ ते ६० नाडी आणि वरचे बीपी ९० च्या पुढे, हा साधारण इष्ट पट्टा. कार्व्हेडिलॉलला नाडीचे असे लक्ष्य नसते. तिथे ठरलेल्या मात्रेपर्यंत पोचणे आणि बीपी ९० च्या वर ठेवणे एवढेच पाहतात. प्रामाणिकपणे सांगायचे तर नाडी हा पोर्टल दाबाचा कच्चा मापक आहे. नाडी ५८ झाली म्हणून आतला दाब उतरलाच असे नाही. पण घरी बसून पाहता येईल असा दुसरा मापक नाही. आणि १०४ वर ६२ हे बीपी? सिरोसिसच्या माणसात ते ठीकच आहे. ते गोळी थांबवण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो गोळीच्या माहेरातूनच आला. २०१० मध्ये त्याच बोजों रुग्णालयाने, लेखकांच्या यादीत शेवटचे नाव लब्रेक यांचेच, औषधांना न जुमानणारा जलोदर (पोटात साठणारे पाणी) असलेल्या १५१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रोप्रानोलॉल घेणारे निम्मे जण पाच महिन्यांच्या आत गेले होते. न घेणाऱ्यांत हा काळ वीस महिन्यांचा होता. तीस वर्षे ज्याचा पुरस्कार केला त्याच औषधाबद्दल असे छापणे याला धैर्य लागते. जगभर त्यानंतर पोटात पाणी दिसले की गोळी खोडण्याची लाट आली. पण ही चाचणी नव्हती, पाहणी होती. कुणाला गोळी द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते. गोळी घेणाऱ्यांच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा होत्या, न घेणाऱ्यांत त्या जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे पहिला गट मुळातच जास्त आजारी. शिवाय बऱ्याच जणांची मात्रा दिवसाला १६० पर्यंत होती. पुढे बर्मिंगहॅममध्ये यकृत प्रत्यारोपणाच्या यादीवरच्या जलोदराच्या रुग्णांत गोळी घेणारेच जास्त जगलेले दिसले, आणि युरोपातल्या अनेक रुग्णालयांच्या एकत्रित पाहणीत अचानक यकृत ढासळलेल्यांतही तसेच. त्याही पाहण्याच, हे विसरून चालणार नाही.

तरी त्या पॅरिसच्या इशाऱ्यात तथ्य आहे, आणि ते शरीरशास्त्राशी जुळते. आजार अखेरच्या टप्प्यात आला की रक्तवाहिन्या इतक्या सैलावतात की मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचते ते केवळ हृदय जादा राबते म्हणून. अशा वेळी हृदयाला लगाम घालणे म्हणजे मूत्रपिंडाचा घोट तोडणे. म्हणून नियम ‘पोटात पाणी म्हणजे गोळी बंद’ असा नाही. तो असा: वरचे बीपी पुन्हा पुन्हा ९० च्या खाली जाते आहे, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन वाढते आहे, लघवी घटली आहे, रक्तातले सोडियम १२५-१३० च्या खाली घसरले आहे, किंवा पोटातल्या पाण्यात वा अंगात गंभीर संसर्ग आहे, तर डॉक्टर गोळी कमी करतील किंवा थांबवतील. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तेव्हाही लगेच विचारावे. आणि या नियमाचा जो दुसरा अर्धा भाग बहुतेकांच्या कागदावर नसतो तो हा: कारण दूर झाले, बीपी पूर्ववत झाले, क्रिएटिनिन उतरले, की गोळी लहान मात्रेत पुन्हा सुरू करायची असते. एकदा थांबलेली गोळी कायमची थांबते, कारण ती परत कुणी सुरू करायची हे कुणाचेच काम नसते. संसर्ग बरा होऊन घरी जाताना ‘ती जुनी गोळी आता कधी सुरू करायची?’ हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकानेच विचारायला हवा. कायमची थांबवायची असेल तर बँड चालूच राहतील याची खात्री त्याच भेटीत करून घ्यावी.

काही जणांना ही गोळी मुळातच चालत नाही: दमा, हृदयाच्या ठोक्यांच्या वहनातला मोठा अडथळा, आधीच फार मंद असलेली नाडी. दम्याचा पंप वापरत असाल आणि तरीही प्रोप्रानोलॉल लिहून आले असेल तर पहिली गोळी घेण्याआधी फोन करा. थकवा, हातपाय गार पडणे, झोपेत वाईट स्वप्ने, पुरुषांत लैंगिक अडचण हे त्रास खरे असतात. लाजेने न बोलता गोळी बंद करण्यापेक्षा बोलावे, मात्रा कमी करून किंवा गोळी बदलून बऱ्याचदा निभावते. मधुमेह असेल तर एक सावधगिरी अधिक. साखर एकदम उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते. बीटा ब्लॉकर या खुणा झाकतो, घाम तेवढा फुटतो. सिरोसिसच्या यकृतात साखरेचा साठा आधीच तोकडा, त्यामुळे चतुर्थी-एकादशीचे कडक उपास या रुग्णांनी करूच नयेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी दूध-भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे असे काही खावे. अंगदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतले काहीही घेऊ नये, ते रक्तस्रावही घडवते आणि मूत्रपिंडही बिघडवते. गरज पडली तर पॅरासिटॅमॉल, दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत आणि विचारून. सर्वांत महत्त्वाचे, गोळी एका दिवसात तोडू नये. लगाम अचानक सुटला की दाब उसळतो आणि नेमका तेव्हाच रक्तस्राव होऊ शकतो. गावाला, लग्नाला, वारीला निघताना औषधांत सगळ्यात आधी ही पट्टी पिशवीत टाकावी. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

तिसरा आक्षेप रुग्णाच्या मनातला: एवढे करूनही पुन्हा रक्तस्राव झाला तर? होऊ शकतो. गोळी आणि बँड दोन्ही घेणाऱ्यांतही काहींना होतो, आणि तो गोळीचा विश्वासघात नसून आजाराच्या जोराचा पुरावा असतो. तेव्हा यकृताच्या आतून धातूच्या जाळीची नळी बसवून दाबाला वाट करून देण्याचा टिप्स नावाचा उपाय आहे. रक्तस्रावाच्या पहिल्या काही दिवसांतच जोखमीच्या रुग्णांना ती बसवली तर काय होते हे २०१० च्या युरोपीय चाचणीत दिसले: वर्षभर रक्तस्राव न झालेले ९७ टक्के, नेहमीच्या उपचारांवर ५० टक्के. ज्यांचे यकृत फार ढासळले आहे त्यांच्यासाठी प्रत्यारोपण हाच खरा मार्ग, आणि त्याची चौकशी पहिल्या रक्तस्रावानंतरच करावी, तिसऱ्यानंतर नव्हे. गोळी सिरोसिस बरा करत नाही. दारू चालू ठेवून ती घेणे म्हणजे वरून पाऊस आणि खालून पंप. हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर त्याचे औषध वेगळे आणि अटळ. आणि रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली, तर जास्तीची गोळी देऊन पाहू नये. तोंडाने काही न देता, कुशीवर झोपवून, जिथे रात्रीही दुर्बिणीची सोय आहे अशा रुग्णालयात न्यावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती चिकट नसते. शंका आली तरी दाखवावेच.

पुढच्या भेटीला जाताना वहीबरोबर एक विनंती न्या. त्या गोळीच्या नावापुढे डॉक्टरांकडून दोन ओळी मराठीत लिहून घ्या. पहिली: ‘रक्ताची उलटी टाळण्यासाठी, बीपीसाठी नाही.’ दुसरी: ‘वरचे बीपी ९० च्या खाली किंवा लघवी कमी झाल्यास फोन करणे; मनाने बंद न करणे.’ खाली नंबर. ही चिठ्ठी औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे सर्दी-तापासाठी गाठलेल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यालाही ती दाखवता येईल.